विश्लेषण : नायट्रो कारचे इंजिन ठिणगीविना कसे चालते? खाणकामगारांचा दिवा बनवणाऱ्या हम्फ्री डेव्ही यांच्याशी त्याचा संबंध काय?

रिमोटवर धावणाऱ्या नायट्रो कारचे इंजिन सुरू करताना त्याच्या डोक्यावरील ग्लो प्लगला दीड व्होल्टची छोटी बॅटरी लावतात. इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून घेतली जाते. त्यानंतर इंजिनाला वीज मिळत नाही आणि ठिणगीही मिळत नाही. तरीही टाकीतले इंधन संपेपर्यंत ते मिनिटाला हजारो फेरे घेत राहते. हे शक्य होते ते प्लगमधल्या केसासारख्या बारीक प्लॅटिनमच्या तारेमुळे. या तारेचा हा गुण १८१७ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी जगासमोर मांडला. तेव्हा ते इंजिनाचा नव्हे, तर कोळसा खाणीत स्फोटात मरणाऱ्या माणसांचा विचार करत होते. ज्वलनशील वायू, त्यांची साठवण, त्यांच्यापासून बचाव आणि धातूचा गंज या प्रश्नांवर त्यांनी काय काम केले, त्यात ते कुठे चुकले आणि आज छोटी इंजिने बाळगणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, याविषयी…

हम्फ्री डेव्ही कोण होते?

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करत. पाच भावंडांत हम्फ्री थोरले. १७९४ मध्ये वडील वारले तेव्हा घरावर कर्ज होते. पुढच्याच वर्षी हम्फ्री गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागले. औषधे कुटता-मिसळता त्यांना रसायनांची गोडी लागली. त्यांनी विद्यापीठाचे तोंड कधी पाहिले नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यांचे रसायनशास्त्रावरील पुस्तक त्यांनी स्वतःच वाचले आणि त्यातली मते घरच्या साहित्यावर प्रयोग करून तपासायला सुरुवात केली.

वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅट यांचा मुलगा ग्रेगरी याच सुमारास डेव्ही यांच्या आईकडे भाडेकरू म्हणून राहायला आला. त्याच्याशी झालेली मैत्री आणि इतर काही जाणकारांचा पाठिंबा यांमुळे ऑक्टोबर १७९८ मध्ये डेव्ही यांना ब्रिस्टल येथील डॉ. थॉमस बेडोज यांच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये काम मिळाले. वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तपासणारी ही संस्था होती. डेव्ही तेव्हा २० वर्षांचेही नव्हते.

लाफिंग गॅस आणि ‘नायट्रो’ एकच का?

ब्रिस्टलमध्ये डेव्ही यांनी नायट्रस ऑक्साइड म्हणजेच लाफिंग गॅस स्वतःवर आजमावला. कवी कोलरिज आणि साऊदी यांनीही तो हुंगून पाहिला. १८०० साली आलेल्या पुस्तकात, शस्त्रक्रियेत वेदना कमी करण्यासाठी हा वायू वापरता येईल, असे डेव्ही यांनी सुचवले होते. त्याकडे चार दशकांहून अधिक काळ कुणी लक्ष दिले नाही. तोवर रुग्ण पूर्ण शुद्धीत असतानाच शस्त्रक्रिया होत राहिल्या.

इथे एक गल्लत टाळायला हवी. शर्यतींच्या सिनेमात बटण दाबताच गाडी उसळी घेते, तो प्रकार नायट्रस ऑक्साइडचा. तो वायू आहे आणि तो स्वतः जळत नाही, इंजिनाला जादा ऑक्सिजन पुरवतो. छोट्या कारमधले ‘नायट्रो’ म्हणजे नायट्रोमिथेन हे द्रव इंधन. ते पहिल्यांदा तयार झाले १८७२ मध्ये, म्हणजे डेव्ही यांच्या मृत्यूनंतर चार दशकांहून अधिक काळाने. दोन्हींमध्ये साम्य एवढेच की दोन्ही स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतात. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरमध्ये कितीतरी जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते.

ब्रिस्टलमधला एक प्रयोग डेव्ही यांच्या जिवावर बेतला होता. कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असलेला वायू त्यांनी हुंगला आणि ते मरता मरता वाचले. छोटे इंजिन बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये चालवू नये, याचे कारण हाच वायू. त्याला वास नसतो आणि रंगही नसतो.

पेट घेणारी वस्तू साठवायची कशी?

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि वर्षभरात तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकायला एवढी गर्दी होई की, संस्थेसमोरच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची कोंडी होत असे.

ऑक्टोबर १८०७ मध्ये त्यांनी वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडली आणि पोटॅशियम हा धातू पहिल्यांदा वेगळा केला. काही दिवसांतच सोडियमही मिळवला. १८०८ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांची भर पडली. धातू हाती तर आला, पण ठेवायचा कुठे? पोटॅशियम हवेत काळवंडे आणि पाण्यात पडताच पेट घेई. डेव्ही यांनी तो नॅफ्थ्यात बुडवून ठेवला. आपल्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियमचा तुकडा रॉकेलच्या बाटलीत ठेवतात, ती हीच पद्धत. पदार्थाचा शत्रू कोण आहे, हवा, पाणी की उष्णता, हे ओळखायचे आणि त्यालाच वाट बंद करायची.

नायट्रो इंधनालाही हाच नियम लागू होतो. या इंधनात मोठा वाटा मिथेनॉलचा असतो. छोट्या कारच्या इंधनात नायट्रोमिथेन बहुधा १० ते ३० टक्के आणि उरलेला भाग एरंडेल किंवा कृत्रिम तेलाचा असतो. मिथेनॉलचा मोठा दोष असा की, ते हवेतली आर्द्रता ओढून घेते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिले, तर काही दिवसांतच इंधन पाणावते. मग इंजिन सुरू व्हायला त्रास देते, मध्येच बंद पडते आणि आतून गंजते. म्हणून डबा मूळचाच ठेवावा, झाकण घट्ट लावावे आणि तो उन्हापासून दूर, थंड व कोरड्या जागी ठेवावा. अर्धा रिकामा डबा महिनोन् महिने ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतल्या हवेबरोबर ओलही आत बसलेली असते.

मिथेनॉल विषारी आहे, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यामुळे हे इंधन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये आणि मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये.

डोळ्याला इजा आणि फॅरेडे यांचा प्रवेश

१८१२ हे वर्ष डेव्ही यांच्यासाठी मोठ्या घडामोडींचे ठरले. एप्रिलमध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच आठवड्यात त्यांनी जेन अ‍ॅप्रीस या श्रीमंत विधवेशी विवाह केला. ऑक्टोबरअखेरीस नायट्रोजन ट्रायक्लोराइड या अत्यंत स्फोटक द्रवावर प्रयोग करताना काच फुटून तिचा तुकडा त्यांच्या डोळ्यात गेला. हाच पदार्थ शोधणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ ड्यूलाँ यांनी त्यापायी एक डोळा आणि हाताची बोटे गमावली होती. हे ठाऊक असूनही डेव्ही यांनी प्रयोग केला.

डोळा अधू असताना लिहून घ्यायला त्यांना माणूस हवा होता. बुकबाइंडिंगची उमेदवारी केलेल्या एका तरुणाने डेव्ही यांच्या व्याख्यानांच्या टिपणांची वही बांधून त्यांना पाठवली होती. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरेडे. मार्च १८१३ मध्ये तो डेव्ही यांचा मदतनीस झाला. विजेच्या मोटरचे आणि जनित्राचे तत्त्व पुढे त्यानेच शोधले.

९२ मृत्यू आणि एक पत्र

याच १८१२ च्या २५ मे रोजी ईशान्य इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत स्फोट झाला. त्यात ९२ जणांचा मृत्यू झाला, त्यात लहान मुलेही होती. कोळशाच्या थरातून मिथेन वायू झिरपतो. खाणकामगार तेव्हा मेणबत्तीच्या उघड्या ज्योतीवर काम करत. वायूचे प्रमाण वाढले की तीच ज्योत काळ होई. स्थानिकांनी खाणअपघात रोखण्यासाठी संस्था स्थापन केली आणि १८१५ मध्ये तिच्या वतीने डेव्ही यांना मदतीचे पत्र गेले. युरोपचा दीर्घ दौरा आटोपून ते नुकतेच मायदेशी परतले होते.

ऑगस्ट १८१५ मध्ये डेव्ही न्यूकॅसल परिसरात गेले, खाणींच्या जाणकारांना भेटले आणि खाणीतल्या वायूचे नमुने लंडनला मागवले. हवेत मिथेन फार कमी असेल तर स्फोट होत नाही आणि फार जास्त असेल तरीही होत नाही. मधल्या एका पट्ट्यातच धोका असतो. आजच्या मोजमापानुसार हा पट्टा सुमारे ५ ते १५ टक्क्यांचा आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती अधिक महत्त्वाची होती. धातूच्या अरुंद नळीतून ज्योत पलीकडे जाऊ शकत नाही. नळी जितकी अरुंद, तितकी तिची लांबी कमी असली तरी चालते. मग नळीची लांबी कमी करत करत जवळजवळ शून्यावर आणली तर? उरते ती तारेची जाळी.

डेव्ही यांचा दिवा काम कसा करतो?

तेलाच्या दिव्याभोवती बारीक तारेच्या जाळीचा दंडगोल, एवढीच ही रचना. जाळीला एका चौरस इंचात ७८४ छिद्रे होती. हवा आणि खाणीतला वायू छिद्रांतून आत येतो, आत जळतोही. पण ज्योत जाळीला टेकली की तिची उष्णता तारेत पसरते. जाळीबाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही आणि आग आतच राहते. शिवाय वायू असेल तर ज्योतीवर निळसर टोपी दिसते, म्हणजे दिवा धोक्याची सूचनाही देतो. हवेत ऑक्सिजन कमी असेल तर तो विझतो.

जानेवारी १८१६ मध्ये हेबर्न येथील खाणीत दिव्याची चाचणी झाली आणि तो झपाट्याने पसरला. डेव्ही यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. जीव वाचवण्याच्या साधनावर पैसा कमवायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्वलनशील द्रवांच्या सुरक्षित डब्यांच्या तोंडाशी असलेली ज्योतरोधक जाळी आजही याच तत्त्वावर चालते. ऑलिम्पिकची ज्योत विमानातून नेताना वापरतात ते दिवेही याच घराण्यातले.

मिथेनॉलच्या बाबतीत स्फोटक पट्टा मिथेनपेक्षा खूप रुंद, सुमारे ६ ते ३६ टक्के आहे. साधारण ११-१२ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ पेटण्याजोगी होते. महाराष्ट्रात वर्षातल्या बहुतेक दिवशी तापमान याहून जास्तच असते. त्यात भर म्हणजे मिथेनॉलची ज्योत लख्ख उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे टाकी भरताना इंजिन बंद आणि थंड असावे, सांडलेले इंधन पुसून वाळू द्यावे आणि जवळपास सिगारेट किंवा शेगडी असू नये.

प्लॅटिनमची तार विझली का नाही?

दिव्यावर काम सुरू असतानाच डेव्ही यांना नायट्रो इंजिनाशी थेट नाते सांगणारा शोध लागला. दिव्याच्या ज्योतीच्या वर त्यांनी बारीक प्लॅटिनमच्या तारा बसवल्या होत्या. भोवती ज्वलनशील वायूचे प्रमाण वाढवत नेल्यावर ज्योत विझली, पण तारा लालबुंदच राहिल्या. आग नव्हती, तरी तारेच्या पृष्ठभागावर वायू आणि ऑक्सिजन एकत्र येत होते आणि त्या उष्णतेवर तार तापलेली राहत होती. अल्कोहोल व ईथरच्या वाफेतही हेच घडले. तांबे, लोखंड, चांदी यांच्या तारांनी मात्र ही करामत दाखवली नाही. जानेवारी १८१७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. अशा क्रियेला उत्प्रेरण हे नाव १८३५ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी दिले.

याच गुणावर चालणारा ग्लो प्लग अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये मॉडेल इंजिनांसाठी बाजारात आणला. तोवर हौशी मंडळींना विमानाच्या किंवा कारच्या चिमुकल्या मॉडेलवर बॅटरी, कॉइल आणि स्पार्क प्लगचे ओझे लादावे लागे. ग्लो प्लगने ते एका झटक्यात उतरवले. सुरुवातीला बॅटरी तार तापवते. त्यानंतर मिथेनॉलची प्लॅटिनमवर होणारी क्रिया, सिलिंडरमधला दाब आणि आधीच्या ज्वलनाची उष्णता मिळून ती तापलेली ठेवतात. म्हणूनच अशा इंजिनात पेट्रोल ओतून चालत नाही. पेट्रोलची वाफ या तारेला तशी तापलेली ठेवू शकत नाही.

दिवा आल्यावर मृत्यू कमी झाले का?

डेव्ही यांच्या कथेतला सर्वात अस्वस्थ करणारा भाग हा आहे. ब्रिटिश संसदेच्या समितीने १८३५ मध्ये खाणअपघातांचा आढावा घेतला. डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड या दोन परगण्यांत दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांत ४४७ जणांचा मृत्यू झाला होता. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत हा आकडा ५३८ झाला.

दिव्याचे तत्त्व चुकीचे नव्हते. पण दिवा हाती आल्यावर मालकांनी वायूमुळे सोडून दिलेले, अधिक खोल आणि धोक्याचे भाग पुन्हा खणायला घेतले. हवा खेळती ठेवण्याचा खर्च टाळण्याचे ते निमित्तही झाले. शिवाय दिव्याचा उजेड मेणबत्तीपेक्षा मंद होता. कामावर मोबदला मिळणारे मजूर जास्त उजेडासाठी जाळी काढत. जाळी गंजे, तिची एखादी तार तुटे, कधी ती तापून लाल होई किंवा वाऱ्याचा झोत ज्योतीला जाळीबाहेर ढकलत असे. एवढे एक भोक पुरे होते. पुढे खाणींमध्ये दिव्यांच्या स्वतंत्र खोल्या, रोजची तपासणी आणि कुलूपबंद दिवे आले, रचनेतही सुधारणा झाल्या.

श्रेयाचा वादही झाला. किलिंगवर्थ खाणीत इंजिनांची देखभाल करणारे जॉर्ज स्टीफन्सन यांनी ऑक्टोबर १८१५ मध्येच स्वतःचा सुरक्षित दिवा खाणीत तपासला होता. शाळेत न गेलेला कारागीर असे काही करू शकतो, यावर डेव्ही यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्टीफन्सन यांच्यावर कल्पना चोरल्याचा ठपका ठेवला. १८३३ मध्ये संसदीय समितीने दोघांचाही हक्क बरोबरीचा ठरवला. स्वतः विद्यापीठाची पायरी न चढलेल्या डेव्ही यांनी दुसऱ्या स्वयंशिक्षिताला कमी लेखावे, हे त्यांच्या आयुष्यातले मोठे वैगुण्य. पुढे याच रेल्वे-अभियंता स्टीफन्सन यांचे नाव जगभर झाले.

गंज थांबवला, तरी योजना का फसली?

डेव्ही १८२० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्यानंतर ब्रिटिश आरमाराने त्यांच्याकडे नवा प्रश्न आणला. लढाऊ जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत होते. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतात आणि तांबे वाचते, हे डेव्ही यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले. प्रयोगशाळेतला निष्कर्ष अचूक होता. समुद्रात मात्र वेगळेच घडले. झिजणारे तांबे शंख-शिंपले आणि शेवाळाला मारत असे. झीज थांबताच तळावर त्यांचे थर चढले आणि जहाजे मंदावली. योजना गुंडाळावी लागली आणि डेव्ही यांच्यावर टीका झाली. आज जहाजांचे लोखंडी सांगाडे आणि जमिनीखालच्या वाहिन्या गंजापासून वाचवायला हेच तत्त्व जगभर वापरले जाते.

नायट्रो इंजिनाचा शेवटही बहुतेक वेळा धावण्याने नव्हे, गंजाने होतो. ओल धरलेले मिथेनॉल आणि ज्वलनातून उरलेले आम्लधर्मी अवशेष बेअरिंगवर बसतात. त्यामुळे दिवस संपताना टाकी रिकामी करावी आणि इंजिनातले उरलेसुरले इंधन जाळून टाकावे. मग आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या छिद्रातून आत सोडून इंजिन काही फेरे फिरवावे. हे दोन मिनिटांचे काम टाळले की पुढच्या खेपेस इंजिन जाम झालेले मिळते. चालवताना मिश्रण फार पातळ ठेवू नये. इंधनातले तेलच इंजिनाला वंगण देते. इंधन कमी झाले की वंगणही कमी होते, इंजिन तापते आणि प्लगची तार तुटते. एअर फिल्टर स्वच्छ असावा, कारण धुळीचा एक कणही सिलिंडरवर ओरखडा काढतो.

अखेरची वर्षे

डेव्ही यांना १८१८ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. पण शेवटची वर्षे कटुतेची होती. १८२४ मध्ये आपल्याच मदतनीसाला, फॅरेडे यांना रॉयल सोसायटीत घेण्यास त्यांनी विरोध केला. फॅरेडे तरीही निवडून आले. १८२६ च्या अखेरीस डेव्ही यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले. प्रकृतीसाठी ते युरोपात फिरत राहिले, मासेमारीवर पुस्तक लिहिले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५० वर्षांचे होते.

पेटंट न घेतलेल्या दिव्याबद्दल खाणमालकांनी वर्गणी काढून त्यांना चांदीची भांडी भेट दिली होती. ती पुढे रॉयल सोसायटीकडे आली. भांडी विकून आलेल्या पैशातून रसायनशास्त्रासाठी डेव्ही पदक सुरू झाले. १८७७ मध्ये ते पहिल्यांदा बन्सेन आणि किर्शहॉफ या दोन जर्मन शास्त्रज्ञांना मिळाले. हे पदक आजही दिले जाते.